मेंदूचा फोटो खोटे बोलत नाही, पण उशिरा बोलतो

दारूच्या विषबाधेवर या मासिकात लेख कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आपल्या दीनमध्ये दारू हराम आहे, घरात ती येत नाही, मग तिची चर्चा आपण का करावी? आमचे म्हणणे असे की नेमक्या याच कारणासाठी ती करायला हवी. जी गोष्ट घरात बोललीच जात नाही, ती घडली की घर गोंधळते. गोंधळलेले घर डॉक्टरांपासून गोष्ट लपवते. आणि या विषाच्या बाबतीत लपवण्याची किंमत काही तासांतच डोळ्यांनी किंवा जिवाने मोजावी लागते.

जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून जास्त माणसे मेली. अनेकांचे डोळे गेले. त्याआधी २००४ च्या डिसेंबरअखेरीस विक्रोळीत अशाच दारूने ८७ जणांचा बळी घेतला होता. मालवणीच्या खटल्याचा निकाल लागायला २०२४ साल उजाडले. चौघे दोषी ठरले, बाकीचे सुटले. मेलेली बहुतेक माणसे हातावर पोट असलेली होती. पुढारी आले, पंचनामे झाले, मदत जाहीर झाली. पण त्या माणसांच्या शरीरात नेमके काय झाले आणि ते वेळेत ओळखता आले असते का, हे आपल्या घरांपर्यंत कोणी पोहोचवले नाही. ते आज सांगायचे आहे.

वाळूजमध्ये ‘अल्कोहोल’ म्हणजे फक्त दारू नव्हे

वाळूज एमआयडीसीत राहणाऱ्यांना ड्रम आणि कॅन नवे नाहीत. बजाजचा कारखाना १९८० च्या दशकात आला, त्यामागून शेकडो लहानमोठ्या कंपन्या आल्या. रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर, कमळापूर ही गावे खोल्यांनी भरली. मराठवाड्याच्या खेड्यांतून, बिहारमधून, उत्तर प्रदेशातून मुले आली. पेंट शॉप, छपाई, सफाई, औषधनिर्मिती अशा कामांत तऱ्हेतऱ्हेची द्रावणे वापरली जातात. रसायनशास्त्रात अल्कोहोल हे एका पदार्थाचे नाव नाही, ते एका कुटुंबाचे नाव आहे. पिण्याच्या दारूत असते ते इथेनॉल. मेथॅनॉल हा त्याचा धाकटा भाऊ. दिसायला पाण्यासारखा, वासाला इथेनॉलच्या जवळचा, किमतीने स्वस्त आणि अतिशय विषारी. गाडीच्या कूलंटमध्ये असते ते इथिलीन ग्लायकॉल. त्याच्याच जवळचे डायइथिलीन ग्लायकॉल. दोन्ही चवीला गोडसर, दोन्ही किडनी निकामी करणारी.

मेथॅनॉल माणसाच्या पोटात तीन वाटांनी जाते. पहिली वाट भेसळीच्या दारूची. मालवणी आणि विक्रोळीत तेच झाले. दुसरी वाट अफवेची. २०२० च्या सुरुवातीला इराणमध्ये करोनाच्या भीतीने कोणीतरी पसरवले की अल्कोहोल प्यायल्याने विषाणू मरतो. दारूवर कायद्याने बंदी असलेल्या त्या मुस्लिम देशात पाच हजारांहून जास्त लोकांना विषबाधा झाली आणि पाचशेहून जास्त मेले. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वणी येथे एप्रिल २०२१ मध्ये, टाळेबंदीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर पिऊन सात जणांचा जीव गेला.

तिसरी वाट आपल्या घरातून जाते आणि ती सर्वांत निष्पाप आहे. कामावरून थोडे थिनर किंवा सफाईचे द्रावण कोणी घरी आणतो. ते पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ओट्याखाली ठेवले जाते. उन्हाळ्यात खेळून आलेले मूल ती बाटली तोंडाला लावते. त्या घरात दारूचा थेंबही कधी आलेला नसतो.

शरीरात काय घडते

मेथॅनॉल पोटात गेल्याबरोबर फारसे काही होत नाही, आणि त्यातच फसगत आहे. माणूस थोडा झिंगतो, झोपतो, सकाळी उठतो. तोवर यकृत आपले काम करत असते. ते मेथॅनॉलचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनवते. मुंगी चावल्यावर त्वचेची आग होते ती याच आम्लाने. ते रक्तात साचले की शरीराच्या पेशींना प्राणवायू वापरता येत नाही. फुप्फुसे श्वास घेत असतात, रक्तात प्राणवायू असतो, तरी पेशी गुदमरतात. ज्या अवयवांना ऊर्जा सर्वांत जास्त लागते त्यांना आधी फटका बसतो. डोळ्याची नस आणि मेंदूतला खोलवरचा भाग हे त्यांत पहिले.

म्हणून लक्षणे साधारण बारा ते चोवीस तासांनी दिसू लागतात. मेथॅनॉलसोबत साधी दारूही पोटात गेली असेल तर आणखी उशिराने. मळमळ, उलट्या, पोटात कळा, डोके जड. मग नजर धूसर होते. डोळ्यांसमोर धुके किंवा बर्फ पडल्यासारखे दिसते, असे रुग्ण सांगतात. श्वास जोरजोरात आणि खोल चालू लागतो, कारण शरीर रक्तातले आम्ल बाहेर टाकायला धडपडत असते. त्यानंतर गुंगी, झटके आणि बेशुद्धी. शुद्ध मेथॅनॉलचे दहा मिलिलिटर डोळे घेऊ शकतात आणि तीस मिलिलिटर जीव. तीस मिलिलिटर म्हणजे दोन मोठे चमचे.

फोटोत काय दिसते

आता मुख्य विषयाकडे येऊ. एखादा तरुण बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात आणला जातो. सोबतचे लोक काही सांगत नाहीत किंवा त्यांना खरेच माहीत नसते. डॉक्टरांसमोर अनेक शक्यता असतात. डोक्याला मार, मेंदूत रक्तस्राव, मेंदूज्वर, फिट, साखर कमीजास्त होणे, विष. अशा वेळी डोक्याचा सीटी स्कॅन काढला जातो.

मेंदूत आत खोलवर, डावीकडे आणि उजवीकडे, जोडीने असलेला एक भाग आहे. त्याला पुटामेन म्हणतात. हातापायांच्या हालचाली सुरळीत ठेवण्याचे काम त्याच्याकडे असते. मेथॅनॉलच्या विषबाधेत हा भाग दोन्ही बाजूंना सारखाच मरतो. स्कॅनच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत तेथे दोन काळसर डाग दिसतात, जणू आरशात एकमेकांचे प्रतिबिंब. तेथे रक्तस्राव झाला असेल तर तो भाग पांढरा दिसतो. मार लागला किंवा लकवा आला तर इजा सहसा अशी दोन्हीकडे समान नसते. म्हणून ही जोडी दिसली की अनुभवी डॉक्टर लगेच विचारतात, याने काय प्यायले होते?

एमआरआय त्याहून बारीक पाहतो. त्यातल्या एका खास पद्धतीत पेशींमधल्या पाण्याची हालचाल कोठे अडली आहे ते दिसते. त्यामुळे सीटीत अजून काही न दिसणारी इजाही एमआरआयमध्ये आधी कळू शकते. डोळ्याच्या नसेची हानीही काही वेळा त्यात उमटते.

या फोटोचा उपयोग केवळ नाव शोधण्यापुरता नाही. मेथॅनॉल रक्तातून काढायला डायलिसिस करावे लागते. डायलिसिस चालू असताना रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन नावाचे औषध दिले जाते. मेंदूत आधीच रक्तस्राव झालेला असेल तर तेच औषध तो वाढवू शकते. स्कॅन आधी पाहिला असेल तर डॉक्टर हेपॅरिनशिवाय डायलिसिस करण्याचा निर्णय घेतात. रुग्ण वाचल्यावर पुढे चालणे-बोलणे कितपत सुधारेल, याचा अंदाज घ्यायलाही हे फोटो कामी येतात.

आणि काय दिसत नाही

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पहिल्या दिवसाचा सीटी स्कॅन पुष्कळदा अगदी स्वच्छ येतो. डाग दिसायला एक-दोन दिवस जातात. म्हणजे फोटो जेव्हा स्पष्ट बोलतो, तेव्हा मेंदूचा तो भाग गेलेला असतो. ‘स्कॅन नॉर्मल आला, आता घरी नेतो’ असे म्हणणे म्हणूनच धोक्याचे आहे. स्वच्छ स्कॅन म्हणजे विष नाही, असे अजिबात नाही.

दुसरी गोष्ट, असे जोडीचे डाग फक्त मेथॅनॉलनेच पडतात असेही नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरच्या किंवा बंद खोलीतल्या शेगडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड मेंदूचा त्याच्याच शेजारचा भाग जाळतो. मेंदूला बराच वेळ प्राणवायू न मिळाल्यास किंवा शरीरात तांबे साचण्याच्या विल्सन नावाच्या आनुवंशिक आजारातही याच परिसरात बदल दिसतात. म्हणून केवळ फोटो पाहून निकाल देता येत नाही. त्याला रक्ताच्या तपासणीची आणि घरच्यांच्या सांगण्याची जोड लागते.

रक्ताची तपासणी फोटोच्या आधी बोलते. धमनीतल्या रक्तात आम्ल किती वाढले आहे हे काही मिनिटांत कळते. आणखी दोन-तीन साध्या आकड्यांच्या हिशोबावरून रक्तात काही परके द्रव्य आहे, हे डॉक्टर ताडतात. मेथॅनॉलचे नेमके प्रमाण मोजणारी तपासणी सगळीकडे ताबडतोब होत नाही. म्हणून उपचार पुराव्याची वाट पाहत नाहीत, दाट संशयावर सुरू होतात. तो संशय डॉक्टरांच्या मनात सर्वांत आधी कोण आणू शकते? मशीन नाही. सोबत आलेली आई, भाऊ किंवा खोलीतला सोबती.

‘कुछ नै डॉक्टर साब, पेट खराब है’

आपल्या घरांत अशा वेळी काय होते ते आपण सगळे जाणतो. मुलगा शनिवारी रात्री उशिरा आला. रविवारी दुपारपासून उलट्या करतो आहे, डोळ्यांपुढे धूर दिसतो म्हणतो. आईला शंका आहे. भावाला तर पक्के ठाऊक आहे. पण दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले की उत्तर येते, ‘कुछ नै डॉक्टर साब, बाहर का खाया, पेट खराब है.’ मग सलाइन लागते, उलटीचे इंजेक्शन दिले जाते आणि त्याला घरी पाठवतात. सोमवारी पहाटे तो बेशुद्ध होतो. जो तास उपचाराचा होता, तो आपण इज्जत झाकण्यात घालवला.

दुसऱ्याचा दोष झाकावा ही आपल्या दीनची शिकवण आहे आणि ती सुंदर आहे. मोहल्ल्यात बोभाटा करू नये, जनाजा उठण्याआधीच निवाडा देऊ नये. पण ही शिकवण माणसाला वाचवण्यासाठी आहे, त्याला मरू देण्यासाठी नाही. डॉक्टरला सांगणे म्हणजे चुगली नव्हे. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, आणि अमानत वाचवण्यासाठी जे सांगावे लागते ते सांगणे आपले कर्तव्य आहे. गुन्हा झाला असेल तर त्याची तौबा करायलाही माणूस आधी जिवंत हवा.

दुसरी भीती पोलिसांची असते. विषबाधेचा रुग्ण आला की रुग्णालय पोलिसांना कळवते, हे खरे आहे. पण त्यासाठी उपचार थांबवता येत नाहीत. आधी जीव, मग कागद, असा स्पष्ट निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच दिला आहे. सरकारी असो की खासगी, तातडीचा उपचार प्रत्येक डॉक्टरने करायचाच आहे.

दारूच जेव्हा दवा होते

येथे आपल्या वाचकांना एक अवघड प्रश्न पडेल. मेथॅनॉलवरच्या उताऱ्यांपैकी एक आहे इथेनॉल, म्हणजे दारूतलाच अल्कोहोल. यकृतातले जे विकर मेथॅनॉलचे विष बनवते, ते इथेनॉल समोर आले की आधी त्याच्याकडे वळते. त्यामुळे मेथॅनॉल तसेच पडून राहते आणि डायलिसिसने व लघवीवाटे बाहेर काढता येते. फोमेपिझोल नावाचे दुसरे औषध हेच काम अधिक सुरक्षितपणे करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, पण ते महाग आहे आणि आपल्याकडे प्रत्येक रुग्णालयात हाताशी नसते. म्हणून डॉक्टर अनेकदा इथेनॉल वापरतात, शिरेतून किंवा नळीने, मोजून मापून.

नमाजी घरातल्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. पण जिवावर बेतलेले असताना, दुसरा मार्ग हाताशी नसताना, गरजेपुरती निषिद्ध वस्तूही वापरण्याची मुभा असते, हा फिकहचा जुना आणि सर्वमान्य नियम आहे. आपापल्या उलेमांना हा प्रश्न आजच विचारून ठेवावा. आयसीयूच्या दारात उभे राहून विचारायचा तो प्रश्न नाही. मात्र यावरून कोणी घरीच दारू पाजून उपचार करू लागला तर तो रुग्णाला मारेल. प्रमाण चुकले, उलटी श्वासनळीत गेली, की दुसरे संकट उभे राहते. हा उपाय फक्त रुग्णालयाचा आहे.

औषधाच्या बाटलीतले विष

या कुटुंबातले डायइथिलीन ग्लायकॉल आपल्या मुलांपर्यंत औषधाच्या रूपात पोहोचते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूचा आणि डोळ्यांचा दाब कमी करण्यासाठी रुग्णांना ग्लिसरॉल दिले गेले. त्यात हे विष मिसळलेले होते. १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. २०२२ मध्ये आफ्रिकेतील गाम्बिया या मुस्लिमबहुल देशात भारतातून गेलेल्या सिरपांशी सुमारे ७० मुलांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपने वीसहून जास्त लहान मुले गेली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालले होते. त्या सिरपमध्ये हे विष ४८.६ टक्के निघाले. ते ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असता कामा नये.

या विषाचा पहिला घाव किडनीवर असतो. मुलाची लघवी कमी झाली किंवा थांबली, तर मेंदूच्या फोटोची वाट पाहायची नसते. लहान मुलाला साधा खोकला असेल तर सिरपची घाई करू नये. दिलेच तर डॉक्टरांच्या चिठ्ठीने द्यावे आणि रिकामी बाटली मूल बरे होईपर्यंत फेकू नये. बाटलीवरचा बॅच क्रमांक इतर मुलांनाही वाचवू शकतो.

वाचलेल्यांचे काय

युरोपात चेक प्रजासत्ताकात २०१२ मध्ये भेसळीच्या दारूने मोठी विषबाधा झाली. तेथल्या डॉक्टरांनी वाचलेल्यांचे एमआरआय पुढे वर्षानुवर्षे काढले. जवळपास निम्म्यांच्या मेंदूत कायमची इजा आढळली. कोणाचे हात थरथरतात, कोणाची चाल मंदावते, कोणाची नजर परत येत नाही. मालवणीतही अशी माणसे मागे उरली. अशा घरात कमावता हात गेलेला असतो आणि शेजारी म्हणतात, ‘अपने हाथ से किया.’ जकात-सदक्याचा विचार करताना आपण अशा घरातल्या बायको-मुलांना त्या माणसाच्या चुकीची शिक्षा देत नाही ना, हे स्वतःला विचारावे.

घरात आजच करायच्या गोष्टी

कंपनीतले कोणतेही द्रावण घरी आणू नये. आणलेच असेल तर पाण्याच्या बाटलीत ठेवू नये, मूळ डब्यात, नावासह आणि कुलपात ठेवावे.

उलट्या, धूसर नजर आणि जोराचा श्वास ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर पोटाचे दुखणे समजून बसू नये. १०८ ला फोन करावा. वाळूजच्या लहान दवाखान्यांत वेळ न दवडता घाटीसारख्या, आयसीयू आणि डायलिसिस असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्यावे.

काय, किती आणि केव्हा पोटात गेले, हे तीन प्रश्न डॉक्टरांनी विचारण्याआधी सांगावेत. बाटली किंवा कॅन सोबत न्यावा. खोलीत आणखी कोणी तेच प्यायले असेल तर त्याला काही होत नसले तरी सोबत न्यावे. त्याचे घड्याळ फक्त थोडे मागे असते.

बेशुद्ध माणसाला पाणी, दूध, लिंबू काहीही पाजू नये. बळेच उलटी करवू नये. त्याला कुशीवर वळवून ठेवावे.

आणि मुलांशी बोलावे. ‘हराम आहे’ एवढे सांगून विषय संपवू नये. ‘बेटा, कधी पाय घसरला तर सर्वांत आधी घरी सांग, रागवायचे ते नंतर बघू’ हेही सांगावे. लाखो रुपयांचे मशीन जे दोन दिवसांनी दाखवते, ते घाबरलेला मुलगा दोन मिनिटांत सांगू शकतो. त्याला तेवढा विश्वास वाटेल असे घर ठेवणे आपल्या हातात आहे. अल्लाह आपल्या मुलांना या विषापासून आणि आपल्याला अशा गप्प राहण्यापासून वाचवो. आमीन.